पाखरांच्या पिकावर जगलेले गाव

स्कॉटलंडचा पश्चिम किनारा नकाशात पाहिला तर फाटक्या घोंगडीच्या दशा लोंबाव्यात तसा दिसतो. जमीन कुठे संपली आणि पाणी कुठे सुरू झाले, हे बोट ठेवून सांगता येत नाही. या किनाऱ्यासमोर हेब्रिडीज नावाच्या बेटांची लांबलचक माळ आहे. आणि त्या माळेच्याही पलीकडे, भर अटलांटिक महासागरात सुमारे ६५ किलोमीटर आत, सेंट किल्डा नावाचा चार लहान बेटांचा आणि उभ्या सुळक्यांचा एक पुंजका आहे. तिथे निदान दोन हजार वर्षे माणसांची वस्ती होती. त्या माणसांनी थोडी शेती केली, मेंढरे पाळली. पण पोट भरले ते मुख्यतः समुद्रपक्ष्यांवर. २९ ऑगस्ट १९३० रोजी गावातली उरलीसुरली ३६ माणसे आरमाराच्या जहाजात बसली आणि गाव कायमचे उठले. आता तिकडे लोक जातात ते पक्षी पाहायला.

मागल्या जून महिन्यात आम्ही उभयता तिकडे जाऊन आलो. मुलगी आणि जावई ग्लासगोला नोकरीस असतात. जावईबापूंनी विचारले, "बाबा, लंडन दाखवू की बेटं?" मी म्हटले, "लंडन टी.व्ही.वर पाहिलंय." सौ.ना लंडन पाहायचे होते, हे मला पुढे आठ दिवस अधूनमधून कळत राहिले. पण शेवटी या प्रवासाची गोष्ट शेजारीपाजारी त्याच जास्त रंगवून सांगतात.

ओबान या बंदरातून आमची बोट सुटली. बोट म्हणजे जुना मासेमारीचा ट्रॉलर. मासे साठवायच्या जागी आता झोपायच्या खोल्या केल्या आहेत. प्रवासी आम्ही दहा आणि चालवणारे चौघे. बोटीच्या मुख्य माणसाला तिकडे स्किपर म्हणतात. मी नोकरीची चार वर्षे सिंधुदुर्ग जिल्ह्यात काढली असल्यामुळे माझ्या तोंडी मात्र 'तांडेल' हाच शब्द बसला. साठीचा, कमी बोलणारा माणूस. पहिल्याच संध्याकाळी त्याने सांगून टाकले, "सेंट किल्डाला नेईन असं वचन मी कुणाला देत नाही. वारा देईल तर जाऊ." आपल्याकडे पेरणीच्या वेळी जाणता शेतकरी असेच बोलतो, म्हणून मला तो माणूस आवडला.

दुसऱ्या दिवशी लुंगा नावाच्या एका ओसाड बेटावर उतरलो. चढण चढून वर गवताळ सपाटीवर आलो, तर समोर पफिन! कबुतराहून थोडासा लहान पक्षी. पाठ काळी, पोट पांढरे, पाय नारिंगी, आणि चोच अशी की पोळ्याच्या बैलासारखी रंगवलेली. हा पक्षी जमिनीत बीळ करून आत अंडे घालतो. आम्ही गवतात बसलो, तशी ती पाखरे हातभर अंतरावर येऊन उभी राहिली. अंड्या-पिलांवर टपलेले मोठे कुरव पक्षी माणूस जवळ असला की दूर राहतात, म्हणून पफिनला आपली सोबत बरी वाटते, असे बोटीवरच्या मार्गदर्शक बाईंनी सांगितले. त्या पुढे म्हणाल्या की पफिन वर्षाला एकच अंडे घालतो. एकच! दुसरे नाही. मी वहीत तेवढेच लिहून घेतले, कारण पुढचा सगळा हिशेब त्या एका अंड्यावर आहे.

तिसऱ्या दिवशी कॅना बेट लागले. इथे थोडी वस्ती आहे, गाईगुरे आहेत, हिरवी कुरणे आहेत. या बेटावर पूर्वी बोटींतून उंदीर उतरले, मोठ्या जातीचे. आपल्याला उंदीर म्हटले की कणगी आठवते, उसाचे कुरतडलेले कांडे आठवते. इथे त्यांनी बिळातली अंडी आणि पिले खाल्ली. शिअरवॉटर नावाचा समुद्रपक्षी कॅनावरून जवळजवळ नाहीसा झाला. मग २००५ साली मोहीम निघाली. सबंध बेटावर ठराविक अंतरावर विषाच्या आमिषाची ठाणी मांडली. पण बेटावर एक निरुपद्रवी रानउंदीरही आहे, तोही विष खाऊन मरायचा. म्हणून त्यातले दीडशेच्या आसपास आधी जिवंत पकडून प्राणिसंग्रहालयात सांभाळले आणि काम संपल्यावर परत आणून सोडले. २००८ साली बेट उंदीरमुक्त जाहीर झाले. गावोगाव सामुदायिक उंदीर निर्मूलन मोहिमा राबवून मी थकलेला माणूस आहे. एकाने विष ठेवायचे आणि शेजाऱ्याने नाही, हा आपला नेहमीचा अनुभव. तिथे एकही बांध सोडला नव्हता, म्हणून ते साधले.

चौथ्या दिवशी पहाटे तांडेलाने वारा पाहिला, दोन वेळा आकाशवाणीचा हवामान अंदाज ऐकला आणि नांगर उचलला. हॅरिस बेटाजवळची सामुद्रधुनी ओलांडली की मोकळा महासागर. तिथून सात-आठ तास. बोट अशी हेलकावत होती की चहाचा कप टेबलावर ठेवण्याची सोय नव्हती. सौ.नी सुंठीच्या वड्या काढल्या, त्या आम्ही तर खाल्ल्याच, पण दोन इंग्रज प्रवाशांनीही मागून घेतल्या. मध्येच खलाशी ओरडला. पाहतो तो पाण्यातून काळी पाठ वर आली, फुसकन फवारा उडाला आणि पाठ परत बुडाली. मिंक जातीचा देवमासा होता. आणखी पुढे डॉल्फिनचा कळप बोटीच्या नाळेपुढे, आखाड्यातली पोरे कोलांट्या मारतात तसा, उड्या मारीत अर्धा तास सोबत आला. दुपारी क्षितिजावर धुराचा ठिपका दिसावा तसे काहीतरी दिसू लागले. ठिपका वाढत गेला, आणि तो धूर नसून दगड आहे हे कळले.

मुख्य बेटाचे नाव हिर्टा. बोटीला तिथे धक्क्याला लावू देत नाहीत. खाडीत नांगर टाकायचा आणि रबरी होडीने उतरायचे. याचे कारण पुन्हा उंदीर. सेंट किल्डावर तो उंदीर अजून पोचलेला नाही, आणि पोटुशी असलेली एक मादी उतरली तरी लाखो पक्ष्यांचा निकाल लागेल. उतरण्यापूर्वी आम्ही आपापल्या पिशव्या उलट्या केल्या, बुटांचे तळ घासून धुतले. बियाणे, माती, किडा, काही जाता कामा नये. १९५७ पासून हे बेट स्कॉटलंडच्या नॅशनल ट्रस्टकडे आहे, १९८६ पासून जागतिक वारसा आहे. खाडीच्या काठाला लष्कराच्या क्षेपणास्त्र चाचण्यांवर नजर ठेवणारे एक ठाणेही आहे. त्याच्या इमारती मागे टाकून वर गेले की गाव लागते.

गाव म्हणजे एकच आळी. अर्धवर्तुळात, खाडीकडे तोंड करून, एका ओळीत दगडी घरे. १८६० च्या ऑक्टोबरात मोठे वादळ झाले, त्यानंतर ही सोळा घरे बांधली. आता बहुतेकांची छपरे गेली आहेत, भिंती उभ्या आहेत. घरासमोर चिंचोळी पट्टी पट्टी करून समुद्रापर्यंत उतरणारी शेते. प्रत्येक घरातल्या चुलवणात पाटीच्या दगडाचा एक तुकडा ठेवला आहे आणि त्यावर त्या घरात शेवटी कोण राहत होते त्यांची नावे. सौ. एकेका घरात जाऊन चुलीपुढे उभ्या राहत होत्या. त्यांना इंग्रजी वाचायला वेळ लागतो, पण एकही पाटी त्यांनी सोडली नाही. "भांडी कुठं ठेवत असतील हो?" एवढेच एकदा विचारले.

मला मात्र ओढ लागली होती ती डोंगरभर पसरलेल्या दगडी कोठारांची. त्यांना क्लेट म्हणतात. हिर्टावर असे बाराशेहून अधिक क्लेट आहेत. चुना नाही, चिखल नाही. दगडावर दगड बेतून रचलेली, वर मोठ्या शिळा आणि त्यावर मातीसकट गवताचे थर. पाऊस वरून गवतावरून निथळतो आणि वारा दगडांच्या फटींतून आरपार जातो. मी वाकून आत शिरलो. बाहेर भुरभुर पाऊस होता, आत कोरडे. वाचकहो, ही तर आपली कांदाचाळ! तळातून आणि बाजूंनी हवा खेळती ठेवा, वरून पाणी येऊ देऊ नका, हे आम्ही कांदा उत्पादकांना चित्रे काढून समजावतो. या लोकांना ते केव्हाच कळले होते. फक्त आत कांद्याऐवजी सोलून वाळवलेले पक्षी, अंडी, गवत, दोर आणि सरपण असे.

सरपणावरून आठवले. या बेटावर एकही झाड नाही. वाराच वाढू देत नाही. जाळायला गवताची मुळासकट काढलेली ढेकळे आणि दिव्याला फुल्मर पक्ष्याचे तेल.

फुल्मर हेच इथले मुख्य पीक म्हणायचे. दिसायला कुरवासारखा. कुणी जवळ गेले की पोटातले दुर्गंधी तेल पिचकारीसारखे थुंकतो. मांस खायचे, तेल जाळायचे आणि औषधाला वापरायचे, पिसे गादीला, आणि उरलेसुरले खतात. १८७८ पर्यंत सबंध ब्रिटनमध्ये हा पक्षी फक्त इथेच घरटी करीत असे. काढणी ऑगस्टमध्ये. पिले उडायच्या बेताला आली, चरबीने जड झाली की पुरुष कड्यावरून दोराने खाली उतरत. वर एकाने दोर धरायचा, खाली एकाने पिले धरायची. आपल्याकडे आग्या मोहोळ काढणारे कातकरी ज्यांनी पाहिले असतील, त्यांना हे वेगळे समजवावे लागणार नाही. चांगला दोर म्हणजे घरची इस्टेट; बापाकडून मुलाकडे वारशाने जायची.

आणि आता त्या एका अंड्याचा हिशेब. फुल्मरही वर्षाला एकच अंडे घालतो आणि ते गेले तर त्या वर्षी दुसरे घालत नाही. म्हणून गावाचा दंडक असा की फुल्मरच्या अंड्याला हात लावायचा नाही. पीक घ्यायचे ते पिलांचे. ज्या पक्ष्यांचे अंडे काढले तरी पुन्हा घालतात, त्यांचीच अंडी घ्यायची. हा नियम कुणा शास्त्रज्ञाने घालून दिला नव्हता. कड्यांचे वाटपही दर वर्षी व्हायचे, म्हणजे चांगला कडा कायम एकाच घराकडे राहायचा नाही. होड्या गावाच्या सामाईक. रविवार सोडून रोज सकाळी गावातले पुरुष आळीत जमत आणि आज काय करायचे ते ठरवीत. बाहेरचे लोक गमतीने त्याला 'सेंट किल्डाची पार्लमेंट' म्हणत. कधी कधी बोलण्यातच दिवस जायचा, असेही लिहून ठेवले आहे. आपल्या गावकीत तरी याहून वेगळे काय होते!

जमीन त्यांची नव्हती. ती स्काय बेटावरच्या मॅक्लाउड जहागीरदाराची. त्याचा दिवाणजी वर्षातून एकदा उन्हाळ्यात होडीने येई आणि खंड वसूल करी: पिसे, तेल, धान्य, आणि पुढे घरी विणलेले लोकरी कापड. लोकर बायका कातीत आणि मागावर पुरुष बसत. बाकी वर्षभर जगाशी संबंध नाही. एक प्रकार मात्र मोठा नामी. निरोप पाठवायचा झाला की लाकडाचा तुकडा होडीच्या आकाराचा कोरायचा, पोकळीत पत्र आणि टपालाचे पैसे घालायचे, मेंढराचा फुगवलेला फुगा बांधायचा आणि योग्य वाऱ्याला समुद्रात सोडून द्यायचे. यातली कितीतरी पत्रे स्कॉटलंडच्या किनाऱ्याला लागली, काही थेट नॉर्वेला.

खाली आळीच्या मागे गोल भिंतीचे कबरस्तान आहे. तिथे एक गोष्ट समजली ती घरच्या भगिनींसाठी मुद्दाम लिहितो. एकोणिसाव्या शतकात या बेटावर जन्मलेल्या दर तीन मुलांपैकी सुमारे दोन आठवड्या-दीड आठवड्यात दगावत. चौथ्या-पाचव्या दिवशी मूल दूध ओढायचे थांबवी, जबडा आवळे, अंग धनुष्यासारखे ताठ होई आणि आठव्या दिवसाच्या सुमारास खेळ संपे. गावात त्याला आठ दिवसांचा आजार म्हणत. देवाची इच्छा समजून बायका बाळंतविडा आधी तयारच करीत नसत म्हणे. तो होता धनुर्वात. नाळेच्या जखमेतून शिरणारा. १८८९ साली आलेले धर्मोपदेशक अँगस फिड्स स्वतः ग्लासगोला जाऊन निर्जंतुक बाळंतपण शिकून आले आणि परत येऊन त्यांनी ती पद्धत लावली. त्यानंतर काही वर्षांतच आजार थांबला. सौ.च्या आजी सुईण होत्या. नाळेला राख नाहीतर शेण लावायची रीत त्यांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिली आहे. गरोदर बायकांना धनुर्वाताची इंजेक्शने देत देत आपला देश या आजारातून सुटला असे जाहीर व्हायला २०१५ साल उजाडले. त्या कबरस्तानाच्या भिंतीला हात लावून सौ. बराच वेळ उभ्या होत्या.

मातीचे सांगायलाच हवे, नाहीतर माझी पदवी फुकट. इथे सातू, ओट आणि बटाटे पिकवीत. नांगर म्हणजे पायाने दाबायचे वाकडे अवजार. खत मात्र भरपूर. हिवाळाभर घरातल्या जमिनीवर राख, ढेकळे, पक्ष्यांची हाडे, आतडी, मलमूत्र सगळे थरावर थर साचू द्यायचे आणि वसंतात घर उपसून शेतात न्यायचे. १६९७ साली आलेल्या मार्टिन मार्टिन या प्रवाशाने इथल्या पिकाची वाखाणणी केली आहे. पण २००६ साली प्रसिद्ध झालेल्या मृदा संशोधनात निघाले की या जुन्या वावरांत शिसे, जस्त, कॅडमियम यांसारख्या धातूंचे प्रमाण फार वाढले आहे. समुद्रपक्ष्यांच्या अवशेषांतून आणि ढेकळांच्या राखेतून ते वर्षानुवर्षे साचत गेले. म्हणजे सेंद्रिय खत, तेही घरचे, आणि तरी माती बिघडली! खत घरचे म्हणून डोळे मिटून टाकावे असे नाही, हे मी सभांतून सांगतो तेव्हा लोक हसतात. आता त्यांना सांगायला एक बेट मिळाले.

त्या जुन्या शेतांत आता मेंढरे चरतात. सोए जातीची, आपल्या दख्खनी मेंढीहूनही अंगाने लहान, तपकिरी, शिंगे वळणदार. लोकर कातरावी लागत नाही, आपोआप गळते. ही जात फार प्राचीन. शेजारच्या सोए बेटावर रानटी अवस्थेत होती. गाव उठल्यावर, १९३२ साली, त्यातली १०७ मेंढरे हिर्टावर आणून सोडली. त्यांना कुणी चारा घालत नाही, औषध देत नाही, विकत नाही, कापत नाही. १९८५ पासून संशोधक प्रत्येक कोकराच्या कानाला बिल्ला लावतात आणि फक्त नोंद ठेवतात. कळप कधी सहाशेवर येतो, कधी दोन हजारांवर जातो. फार वाढला की हिवाळ्याच्या अखेरीस गवत पुरत नाही आणि एका वर्षात निम्म्याहून जास्त मरतात. मी तिथल्या देखरेख करणाऱ्या तरुणाला विचारले, "आणि तुम्ही काही करत नाही?" तो म्हणाला, "नाही. मोजतो." दुष्काळात चारा छावण्यांचे ताळेबंद ठेवलेल्या माणसाच्या पचनी हे पडणे कठीण. पण त्या मोजणीतूनच एक गोष्ट हाती लागली: हिवाळे सौम्य होत चालले तशी अशक्त कोकरेही तगू लागली आणि मेंढरांचा सरासरी आकार कमी होत गेला.

मग एवढे सगळे असताना गाव उठले का? पक्षी संपले म्हणून नव्हे. ऑगस्ट १९३० मध्येही कड्यांवर फुल्मर होतेच.

पहिला घाव देवीच्या साथीचा, १७२७ सालचा. त्या ऑगस्टमध्ये तीन पुरुष आणि आठ मुले स्टॅक अन आर्मिन नावाच्या सुळक्यावर पक्षी धरायला उतरली होती. इकडे गावात देवी आल्या आणि त्यांना आणायला होडी वल्हवू शकेल असे कुणी उरलेच नाही. ती अकरा जणं पुढच्या मे महिन्यापर्यंत, सगळा हिवाळा, त्या सुळक्यावर पक्षी खाऊन जगली आणि अकराही परत आली. गाव मात्र जवळजवळ रिकामे झाले होते. बाहेरून कुटुंबे आणून पुन्हा वसवावे लागले. १८५१ साली ११२ माणसे होती. दुसऱ्याच वर्षी ३६ जण ऑस्ट्रेलियाला जायला निघाले. त्यातले निम्म्याच्या आसपास वाटेतच गोवराने वगैरे गेले. मग १८७७ पासून उन्हाळ्यात प्रवाशांच्या आगबोटी येऊ लागल्या. पैसा दिसला, मोजे, कापड, अंडी विकली जाऊ लागली. प्रत्येक बोटीबरोबर सर्दी-पडसेही येई. पहिल्या महायुद्धात आरमाराचे ठाणे आले, रोज टपाल, रोज बातमी. १९१८ मध्ये जर्मन पाणबुडीने तोफा डागल्या, त्यात गावचे एक कोकरू तेवढे दगावले. युद्ध संपले, ठाणे गेले आणि मागोमाग तरणी मुले जाऊ लागली.

दोर धरायला वर एक आणि खाली एक लागतो. होडी समुद्रात लोटायला सात-आठ लागतात. कपारीतून मेंढरे हाकायला, म्हातारीचे सरपण आणायला, सगळ्याला हात लागतात. ते एका हिशेबाच्या खाली गेले की राहिलेल्यांची मेहनत कितीही असो, गाव चालत नाही. १९२६ मध्ये फ्ल्यूने चार पुरुष नेले. १९३० च्या जानेवारीत एक तरुण बाई ग्लासगोच्या इस्पितळात वारली. त्या मे महिन्यात गावाने सरकारला अर्ज केला: आम्हाला इथून न्या. माझ्या तालुक्यात पटसंख्येअभावी शाळा बंद पडलेल्या तीन वाड्या आहेत. तिथे विहिरींना पाणी आहे, जमीन बरी आहे. त्या आळीत उभा असताना त्या वाड्या डोळ्यांपुढून हलत नव्हत्या.

निघायच्या आधी गुरे आणि मेंढरे बोटीने पाठवली. कुत्री नेता येत नव्हती. गळ्यात दगड बांधून ती खाडीत बुडवली. २९ ऑगस्टच्या सकाळी प्रत्येक घरात उघडे बायबल ठेवले, शेजारी ओटाच्या दाण्यांची छोटी रास ठेवली आणि दारे लावून सगळे निघाले. दाणे कशासाठी, हे आपल्याकडच्या कुठल्याही घराला विचारायला नको. आणखी एक गंमत, म्हणजे गंमत कसली: घरांत राहणारा एक खास जातीचा लहान उंदीर या बेटावर होता. माणसे गेली आणि दोन-चार वर्षांत तोही नामशेष झाला. रानातला उंदीर मात्र आजही आहे.

दुसऱ्या दिवशी बोट बोरेरे बेटाला वळसा घालायला निघाली. सबंध प्रवासातला पाहण्याजोगा सोहळा म्हणाल तर हा. स्टॅक अन आर्मिन १९६ मीटर आणि स्टॅक ली १७२ मीटर, असे दोन सुळके पाण्यातून सरळ वर गेलेले. लांबून वाटते बर्फ पडला आहे. जवळ गेल्यावर कळते ते पांढरे गॅनेट पक्षी आहेत, वीत-वीत अंतरावर बसलेले. २०१३ च्या मोजणीत इथे साठ हजारांवर जोड्या भरल्या होत्या. पंख पसरले तर जवळजवळ दोन मीटर. उंचावरून हा पक्षी मासा हेरतो, पंख मागे घेऊन बाणासारखा पाण्यात घुसतो आणि घुसतो तिथे पांढरा फवारा उडतो. आमच्या चहूबाजूंनी असे फवारे उडत होते. कोंबड्यांच्या शंभर खुराड्यांचा घाणेरडा वास, कानठळ्या बसवणारा कालवा, डोक्यावर पाखरांचे आभाळ. तांडेलाने इंजिन मंद केले. कोणी बोलत नव्हते.

पण तिथेही काळजी आहे. २०२१ पासून बर्ड फ्ल्यूने स्कॉटलंडच्या समुद्रपक्ष्यांत थैमान घातले. आधी स्कुआ नावाचे शिकारी पक्षी मेले, २०२२ साली गॅनेट मेले. २००६ च्या फेब्रुवारीत आपल्याकडे नवापूरला हा रोग पहिल्यांदा आला तेव्हा कोंबड्या पुरायचे खड्डे ज्यांनी पाहिले, त्यांना हे वाचून पोटात कालवेल. तिथे निदान खड्डा तरी करता आला. सुळक्यावरच्या पाखरांना कोण काय करणार? तांडेल म्हणाला, त्या उन्हाळ्यात मेलेले गॅनेट पाण्यावर तरंगताना दिसायचे, बोट त्यांतून न्यावी लागे. तो म्हणाला तेवढेच. पुढे गप्प झाला. स्कुआंची संख्या निम्म्याहूनही खाली गेली आहे. शिकार करणारी माणसे जाऊन नव्वद वर्षे उलटल्यावर पाखरांवर हे आले.

परतीच्या वाटेवर मल बेटाच्या सामुद्रधुनीत तांडेलाने डावीकडे बोट दाखवले. लोकलाइन. हिर्टाहून निघालेल्यांपैकी बहुतेकांना १९३० साली इथेच उतरवले आणि आसपास घरे दिली. किनाऱ्यापासून डोंगरमाथ्यापर्यंत दाट हिरवी झाडी. सरकारने पुरुषांना नोकऱ्या दिल्या त्या वनखात्यात. ज्यांनी जन्मात झाड पाहिले नव्हते, त्यांच्या हाती रोपे आणि कुऱ्हाडी आल्या. सौ.नी विचारले, "मग जमलं का त्यांना?" मार्गदर्शक बाई म्हणाल्या, कित्येकांनी पुढे बेटावर परत जायची इच्छा बोलून दाखवली, काही जण उन्हाळ्यात जाऊनही येत. बोटीतून उतरलेल्या त्या मंडळींतली शेवटची बाई, रेचल जॉन्सन, २०१६ साली ९३ व्या वर्षी वारल्या. बेट सोडले तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या.

ओबानच्या धक्क्याला लागलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते आणि लख्ख ऊन होते. जावईबापू गाडी घेऊन उभे होते.